पंडिता रमाबाई : मोडलेल्या बेतांचा इतिहास

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत झालेले बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे : त्यांनी धर्म का बदलला? या प्रश्नाची उत्तरे शंभर वर्षे दिली जात आहेत आणि ती देणाऱ्यांच्या भूमिकेप्रमाणे बदलतही आहेत. त्या मानाने दुसरा एक प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. स्वीकारलेल्या या श्रद्धेने रमाबाईंच्या आयुष्यात नेमके काम काय केले? विशेषतः जेव्हा जेव्हा त्यांनी मनाशी बांधलेला बेत कोसळला, तेव्हा त्या श्रद्धेचा त्यांना कोणत्या प्रकारे उपयोग झाला? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण रमाबाईंचे चरित्र हे एका अर्थी मोडलेल्या बेतांचेच चरित्र आहे. त्यांनी जे जे योजले, त्यातील फारच थोडे योजल्याप्रमाणे घडले. आणि तरीही त्यांच्या हातून जे उभे राहिले, ते एकोणिसाव्या शतकातील मोजक्या चिरस्थायी कामांपैकी एक ठरले.

रमाबाईंचा जन्मच मुळी एका मोडत चाललेल्या बेतात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील कोकणस्थ ब्राह्मण. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. ते पाहून आपणही आपल्या पत्नीस देववाणी शिकवावी असे या तरुण शास्त्र्याने मनाशी ठरवले. पुढे त्यांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकवायला घेतले, तेव्हा समाजात गहजब झाला. उडुपीच्या पंडितसभेपुढे अनंतशास्त्र्यांनी शास्त्राधारानेच आपली बाजू मांडली. पण वस्तीत राहून हे काम करणे सुखाचे नाही हे ओळखून ते म्हैसूर संस्थानाच्या पश्चिमेकडील डोंगरात, तुंगा आणि भद्रा जेथे उगम पावतात त्या गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी आश्रम बांधला, विद्यार्थी ठेवले, आल्यागेल्या यात्रेकरूंना अन्न घातले. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म तेथेच झाला. या दातृत्वापायी आश्रम कर्जात बुडाला आणि मूल जेमतेम सहा महिन्यांचे असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून वाहून नेलेल्या त्या मुलीला पुढे सुमारे वीस वर्षे स्थिर घर लाभले नाही.

या भ्रमंतीतच रमाबाईंची श्रद्धेशी पहिली ओळख झाली. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे आणि मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म करी. उपासतापास, अनुष्ठाने आणि दाने यथासांग केली की देव प्रसन्न होऊन दैन्य हरील, हा त्यामागील विश्वास होता. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा या विश्वासाची कसोटी लागली. पंडिताच्या घराण्याला मोलमजुरी माहीत नव्हती आणि भीक मागणे जमत नव्हते. असेल नसेल ते विकून झाले, व्रते वाढवून झाली, आणि १८७४ च्या सुमारास थोड्याच काळात वडील, आई व मोठी बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास मागे उरले. पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनी या काळाची जी हकिगत दिली आहे, तिच्यात देवावरचा राग फारसा नाही. एक करार आपल्या बाजूने पुरेपूर पाळला गेला आणि दुसऱ्या बाजूने काहीच आले नाही, असा हिशेब मात्र तिच्यात आहे. फळाच्या अटीवर ठेवलेली श्रद्धा फळ न मिळताच संपते, हे त्या सोळाव्या वर्षी शिकल्या होत्या.

मराठी वाचकाला येथे गीतेतील निष्काम कर्माची आठवण होईल आणि ती होणे रास्तही आहे. हिंदू परंपरेत फलत्यागाचा विचार नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु रमाबाईंच्या वाट्याला जो आचारधर्म आला, तो सकाम होता. शिवाय शास्त्रांच्या स्वतः केलेल्या अध्ययनातून स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तो निष्कर्ष वादग्रस्त असेल. त्यांच्यापुरता तो अनुभवाने सिद्ध झालेला होता.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, असा हा विवाह होता. बालविधवांसाठी एक शाळा काढावी असा बेत पतिपत्नींनी केला होता. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावींचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी रमाबाई स्वतःच विधवा झाल्या. सिल्चरच्या त्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती.

पुण्यास आल्यावर त्यांनी नवा बेत आखला. १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाली आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. आपणच डॉक्टर व्हावे, या विचाराने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत लहान मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. त्यांनी भगिनींना मराठी शिकवायची आणि भगिनींनी त्यांना इंग्रजी, असे ठरले होते. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ दुसरा आघात झाला. त्यांना ऐकू कमी येई आणि ते व्यंग वाढत चालले होते. त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाची वाट कायमची बंद झाली. ज्या कारणासाठी समुद्र ओलांडला, ते कारणच नाहीसे झाले.

बाप्तिस्म्यामुळे रमाबाई आज्ञाधारक झाल्या, अशी अपेक्षा त्यांच्या नव्या धर्मबांधवांची होती; ती पूर्ण झाली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूट मान्य केली नाही. सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे जेराल्डीन यांनीच संकलित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्या पत्रांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतात, चर्चच्या अधिकारावर वाद घालतात आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य कोणाही मध्यस्थाच्या हवाली करण्यास नकार देतात. बेत मोडल्यावर वडीलधाऱ्यांच्या इच्छेलाच देवाची इच्छा मानून स्वस्थ बसणे, हा श्रद्धेचा एक सोपा आणि सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. तो रमाबाईंनी कधीच पत्करला नाही. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची पाठराखण केली, ती या स्वतंत्र बुद्धीची खूण ओळखूनच.

मार्च १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. ही भेट थोड्या दिवसांची ठरली होती. ती अडीच वर्षांहून अधिक लांबली. स्वतःला न मिळालेली पदवी आपल्याच दूरच्या नात्यातील मुलीस मिळताना त्यांनी पाहिली आणि वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या मुलीच्या मृत्यूची बातमीही त्यांना ऐकावी लागली. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. विधवागृहासाठी दहा वर्षे मदत देण्याचे या संस्थेने मान्य केले. तेथे कोणत्याही धर्माचे शिक्षण सक्तीने द्यायचे नाही, अशी अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मेधावींबरोबर केलेला बेत सात वर्षांनी, एका वेगळ्या रूपात, प्रत्यक्षात आला.

हाही बेत टिकला नाही. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या उठवून लावीत नसत. यास सक्ती म्हणता येत नाही. पण घरदार हरवलेल्या बालविधवेवर तिला आसरा देणाऱ्या बाईच्या प्रार्थनेचा काहीच प्रभाव पडणार नाही, असेही म्हणता येत नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात एक बाजू निखळ सत्याची आणि दुसरी निखळ द्वेषाची, असा निवाडा देणे इतिहासाला धरून होणार नाही. रानडे आणि भांडारकर हे रमाबाईंचे वैरी नव्हते. त्यांनी समाजाला एक आश्वासन दिले होते आणि ते आपल्याच्याने पाळले जात नाही असे त्यांना वाटले. रमाबाईंच्या बाजूने पाहिले, तर ज्या स्वातंत्र्यासाठी त्या बिशपांशी भांडल्या, तेच स्वातंत्र्य त्यांनी आपल्या विद्यार्थिनींसाठी मागितले. दोन प्रामाणिक भूमिकांमध्ये सापडून एक मोलाचा प्रयोग मोडला.

मोडलेल्या बेतातून जे इतरत्र गेले, तेही या इतिहासाचा भाग आहे. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होती. सदन उघडल्यास बरोबर चार वर्षे झाली, त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात हिंदू विधवांसाठी आश्रम काढला. हिंगण्याचे पुढील सगळे कार्य त्यातून वाढले. रमाबाईंना जे हिंदू समाजात राहून साधता आले नाही, ते त्यांच्या विद्यार्थिनीच्या घरातून साधले गेले. यशाचा मान कोणाच्या नावावर पडतो, याला महत्त्व दिले तर हा रमाबाईंचा पराभव ठरेल. विधवेला शिक्षण मिळावे या मूळ हेतूच्या दृष्टीने पाहिले, तर एका बेताचे दोन झाले एवढेच म्हणावे लागते.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत रमाबाईंनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. बाप्तिस्म्यानंतरची आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. १८९१ च्या सुमारास त्यांना आलेल्या अनुभवाचे धर्मशास्त्रीय वर्णन कसेही केले, तरी त्याचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट दिसतो. देवाची कृपा ही कर्तबगारीचे वेतन नाही, हे त्यांना पटले. म्हणून अपयश हा देवाच्या नाराजीचा पुरावा ठरेना. लहानपणीच्या दुष्काळात जो करार मोडला होता, त्याच्या जागी अट नसलेले नाते आले. बेत मोडला की माणूस एरवी दोन प्रश्नांत अडकतो : माझे काय चुकले, आणि देवाने असे का केले? या दोन्हींतून मोकळ्या झालेल्या मनाला तिसरा प्रश्न विचारता येतो : आता हाताशी काय उरले आहे? १८९३ नंतरच्या रमाबाई हाच प्रश्न विचारताना दिसतात.

त्याचे उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळाने दिले. मध्य प्रांतात उपासमार सुरू झाल्याचे कळताच त्या तिकडे गेल्या. ज्या मुलीचे आईवडील वीस वर्षांपूर्वी भुकेने गेले होते, तिला मदतकेंद्रांवरील अनाथ मुली आणि त्यांच्यामागे लागलेले दलाल यांचे वर्णन दुसऱ्याकडून ऐकण्याची गरज नव्हती. तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेगाची साथ आली आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकन मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन चालावे, असा त्यामागचा बेत होता. बाग फळाला येण्याआधीच त्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच ‘मुक्ती’ सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. उच्चवर्णीय विधवांसाठी आखलेली संस्था आता कुणबी, भिल्ल, अस्पृश्य, अंध, वृद्ध आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांची झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे स्त्रियाच करू लागल्या. मूळ बेत यशस्वी झाला असता, तर रमाबाईंच्या कामाला जातीची ही मर्यादा ओलांडण्याचे कारण कदाचित पडलेच नसते.

या उत्तराची किंमतही नोंदवली पाहिजे. केडगाव ही उघडपणे ख्रिस्ती वसाहत झाली आणि मराठी मध्यमवर्गाशी असलेला रमाबाईंचा संवाद जवळजवळ तुटला. १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत उत्तम प्रवासग्रंथ लिहिणारी लेखिका तिच्या वाचकांना दुरावली, आणि पुढे त्यांनी तिला विस्मृतीत टाकले. १९०५ मध्ये मुक्तीत जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यातील भावावेग अनेक ख्रिस्ती लोकांनाही पचला नाही. श्रद्धेने रमाबाईंना उभे केले, परंतु तिने त्यांना सर्वांच्या जवळ नेले असे म्हणता येत नाही.

याच पिढीतील लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे शेजारी ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म हा संकटातील आधार म्हणून आला नाही. तोच संकट होऊन आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या श्रद्धेने घर मोडले होते, तिच्याच महाकाव्याचा फार मोठा उरलेला भाग लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. रमाबाईंचा मार्ग पांडित्याचा आणि झुंजीचा, लक्ष्मीबाईंचा विनोदाचा आणि सोशिकपणाचा. परंतु अर्धवट राहिलेले काम हेच आपल्यावर सोपवलेले काम, ही समजूत दोघींत समान आहे.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांत हीच गोष्ट पुन्हा, अधिक कठोरपणे घडली. त्यांनी संपूर्ण बायबलचे नव्याने मराठी भाषांतर हाती घेतले होते. उपलब्ध मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतील साध्या बायकांना कळत नाही, हे त्याचे कारण. संस्कृत जिच्या मुखी लहानपणापासून खेळत होते, अशा पंडितेने त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि साधी मराठी निवडली. छापण्याचे कामही केडगावच्या छापखान्यात मुक्तीच्या स्त्रियांनीच केले. संस्था मनोरमेकडे सोपवावी, असा त्यांचा आयुष्यातील शेवटचा मोठा बेत होता. मुलीचे सारे शिक्षण त्या दृष्टीने झाले होते आणि अंधांना शिकवण्यापासून शाळा चालवण्यापर्यंत तिने आईचे काम पेललेही होते. २४ जुलै १९२१ रोजी चाळीस वर्षांची मनोरमा वारली. ज्या एका माणसावर उद्याचा भार टाकायचा, तेच माणूस गेले. यानंतर रमाबाई नऊ महिन्यांहून कमी काळ जगल्या. तेवढ्या काळात त्यांनी भाषांतराचे उरलेले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

देवाच्या मनात अधिक चांगला बेत होता म्हणून माणसाचा बेत मोडला, असे समाधान भाविक चरित्रांतून नेहमी दिले जाते. रमाबाईंच्या चरित्राला ते लागू करणे हा त्यांच्या दुःखाचा अवमान होईल. पतीचा मृत्यू शारदा सदनासाठी झाला नाही आणि दुष्काळात मेलेली माणसे मुक्तीसाठी मेली नाहीत. मनोरमेच्या मृत्यूला तर कोणताही नंतरचा लाभ दाखवता येत नाही. रमाबाईंच्या श्रद्धेचे वैशिष्ट्य हे की तिला अशा समर्थनाची गरज पडली नाही. आपला बेत हा आपलाच असतो, तो मोडू शकतो, आणि तो मोडल्यावरही समोरची उपाशी मुलगी उपाशीच असते, ही जाणीव त्या श्रद्धेने त्यांना दिली. गंगामूळच्या अरण्यात एका शास्त्र्याने बायकोला अक्षरे शिकवण्यासाठी मांडलेला डाव सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन उठला होता. केडगावचे मुक्ती सदन मात्र, संस्थापिकेच्या निधनानंतर शंभर वर्षे उलटली तरी, निराधार स्त्रियांसाठी आजही चालू आहे.